ताई, हा कोणता कागद?

२०२१ च्या ऑगस्टमध्ये संपादकांनी दोन महिन्यांची पत्रं एका कापडी पिशवीत भरून पाठवली. विधानसभेत येण्याआधी मी चौदा वर्षं महापालिकेच्या शाळेत शिकवत होते. कागदांचा गठ्ठा समोर आला की आधी वेगवेगळे ढीग लावायची सवय तेव्हापासूनची. या वेळी ढीग लावताना एक गोष्ट जाणवली. पत्र सोसायटीचं असो, रुग्णालयाच्या बिलाचं असो की शाळेच्या फीचं, आतला प्रश्न एकच आहे: हे ठरवलं कोणी आणि लिहिलंय कुठे? मार्च २०२० मध्ये करोना आला तेव्हापासून आपण सगळे आदेशांवर जगत होतो. त्यातला कुठला आदेश, कुठला कायदा आणि कुठला नुसताच मोबाइलवर फिरणारा मजकूर, हे कोणी नीट सांगितलेलं नाही. म्हणून या वेळी प्रत्येक उत्तरात कागदाचं नाव आणि शक्य तिथे तारीखही देते आहे. पक्षाची बाजू या सदरात मांडणार नाही, हा शब्द पहिल्याच अंकात दिला होता, तो पाळते.

ताई, बाजार भरतात, लग्नं लागतात, बस भरून धावतात. मग अधिवेशनच दोन दिवसांत का उरकता? दोन दिवसांत कसले कायदे होतात?
– निवृत्त बँक कर्मचारी, गिरगाव

तुमचा राग रास्त आहे, म्हणून आधी तारखा सांगते. २०२० चं अर्थसंकल्पी अधिवेशन २४ फेब्रुवारीला सुरू झालं. ६ मार्चला अर्थसंकल्प मांडला गेला. ९ मार्चला पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले आणि १४ मार्चला, ठरल्यापेक्षा आधीच, अधिवेशन संपवलं. पावसाळी अधिवेशन जूनमध्ये व्हायचं होतं, ते ऑगस्टवर गेलं आणि शेवटी ७ आणि ८ सप्टेंबरला झालं. सप्टेंबरच का? राज्यघटनेच्या १७४ व्या कलमानुसार एका अधिवेशनाची शेवटची बैठक आणि पुढच्याची पहिली बैठक यांत सहा महिन्यांचं अंतर पडू देता येत नाही. १४ मार्चपासून मोजा, सप्टेंबरच्या मध्यापलीकडे जाताच येत नव्हतं. त्यानंतर डिसेंबरचं अधिवेशन १४ आणि १५ तारखेला झालं, तेही नागपूरऐवजी मुंबईत. मग २०२१ च्या मार्चमध्ये १ ते १० आणि जुलैत ५ आणि ६.

सप्टेंबरचा तो पहिला दिवस मला अजून दिसतो. आत जाण्याआधी प्रत्येकाची चाचणी. अहवाल निगेटिव्ह आला तरच प्रवेश. सभागृहात एक आसन सोडून एक बसायचं, त्यामुळे खाली जागा पुरेना आणि काही सदस्यांना गॅलरीत बसवलं होतं. माझ्या शेजारच्या बाकावर बसणारे एक ज्येष्ठ सदस्य गॅलरीतून हात वर करत होते, आणि मास्कमुळे आवाज कोणाचा तेच कळत नव्हतं. शोकप्रस्ताव झाले, पुरवणी मागण्या म्हणजे जादा खर्चाची मंजुरी झाली, विधेयकं झाली. प्रश्नोत्तराचा तास नव्हता. तातडीच्या विषयावर मंत्र्यांचं लक्ष वेधणारी लक्षवेधी सूचना नव्हती.

माझं खरं दुःख त्या तासाचं आहे. लोकांना वाटतं, आमदाराचं काम म्हणजे भाषण करणं. भाषणाचं मंत्र्यांना बंधन नसतं. तारांकित प्रश्नाचं असतं. प्रश्न आधी लेखी द्यावा लागतो, उत्तर छापून येतं, त्यावर उपप्रश्न विचारता येतात आणि मंत्र्यांना उभं राहून बोलावं लागतं. ते उत्तर चुकीचं निघालं तर त्याचा जाब विचारता येतो. ऑक्सिजनच्या खाटा किती, चाचण्या कुठे कमी पडल्या, तात्पुरत्या उभारलेल्या जंबो करोना केंद्रांवर खर्च किती झाला, हे विचारायची वेळ तीच होती आणि नेमका तोच तास गेला. मी पत्रं पाठवली. आयुक्तांना, मंत्र्यांना, कधी एकाच विषयावर तीन-तीन. काहींना उत्तरं आली. पण पत्राचं उत्तर माझ्या फाइलीत राहतं. सभागृहातलं उत्तर तुमचं होतं, ते कार्यवृत्तात जातं, पंचवीस वर्षांनीही काढून वाचता येतं.

जुलैच्या दोन दिवसांबद्दलही बऱ्याच जणांनी विचारलं आहे. पहिल्याच दिवशी बारा सदस्य एका वर्षासाठी निलंबित झाले. त्या दिवशी कोण चुकलं यावर इथे बोलणार नाही. एवढं मात्र म्हणते की गोंधळ सदस्य घालतो आणि वर्षभर मुका होतो तो मतदारसंघ. शिक्षा एका अधिवेशनापलीकडे जाऊ नये, असं माझं मत आहे आणि ते मी योग्य ठिकाणी सांगितलं आहे.

अधिवेशन छोटं ठेवायचं कारण पहिल्या लाटेत मला पटलं होतं. सभागृहात साठी-सत्तरी ओलांडलेले अनेक जण आहेत, आणि मंत्री, अधिकारी, पत्रकार, सुरक्षा कर्मचारी असे शेकडो लोक एका इमारतीत जमतात. जुलै २०२१ मध्ये ते कारण पटलं नाही. लस होती, चाचणी होती, अंतर ठेवून बसायची सवय झाली होती. पंधरा दिवस बसता आलं असतं.

एप्रिल २०२० मध्ये आईची औषधं आणायला गेलो होतो. पोलिसांनी १८८ लावलं. हा कायदा विधानसभेने कधी केला?
– डिलिव्हरीचं काम करणारा, कुर्ला

विधानसभेने केला नाही. तो १८९७ चा आहे. आदल्या वर्षी, १८९६ मध्ये, याच मुंबईत मांडवी भागात प्लेग फुटला आणि इंग्रज सरकारने साथरोग अधिनियम आणला. चार कलमांचा, एका पानात मावणारा कायदा. दुसरं कलम सरकारला साथ रोखण्यासाठी लागतील ते नियम करायचा अधिकार देतं. तिसरं सांगतं की नियम मोडणं हा तेव्हा लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खालचा गुन्हा. चौथं कलम सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यांना संरक्षण देतं. नागरिकाने दाद कुठे मागायची, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. त्या वेळच्या राज्यकर्त्यांना त्याची गरज वाटली नसणार.

मार्च २०२० मध्ये राज्याने हाच कायदा लागू केला आणि त्याखाली करोनाचे नियम काढले. जोडीला केंद्राचा २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा होता. केंद्राने २०२० च्या एप्रिलमध्ये वटहुकूम काढून आणि सप्टेंबरमध्ये संसदेत मंजूर करून जुन्या कायद्यात डॉक्टर, परिचारिका, आशा सेविकांवर हल्ला करणाऱ्यांना जबर शिक्षा घातली. ते आवश्यकच होतं. पण तुमच्यासारख्या, औषधाची चिठ्ठी खिशात असलेल्या मुलासाठी त्यात काही बदललं नाही.

तुमच्या प्रकरणात १८८ खाली साधी शिक्षा एक महिना किंवा २०० रुपये दंड, आणि जिवाला धोका झाला असेल तर सहा महिने किंवा १,००० रुपये, अशी होती. न्यायालयाला याची दखल घ्यायची तर संबंधित सरकारी अधिकाऱ्याची लेखी तक्रार लागते, हे तुमच्या वकिलांना दाखवा. औषधाचं बिल आणि चिठ्ठी जपून ठेवा. असे गुन्हे सरसकट मागे घ्यावेत, अशी लेखी मागणी मी गृह विभागाकडे केली आहे. नोकरीसाठी पोलीस पडताळणी करायला गेलेली किती तरी मुलं याच कारणाने माझ्याकडे येतात.

आमच्या सोसायटीची २०१९-२० ची सर्वसाधारण सभा मार्च २०२१ मध्ये झाली. एक सभासद म्हणतात, ३० सप्टेंबरनंतरची सभा बेकायदा, सगळे ठराव रद्द. मुदत वाढल्याचा मेसेज व्हॉट्सअॅपवर आला होता, कागद कोणाकडेच नाही.
– मानद सचिव, बोरिवली पश्चिम

कागद आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७५ प्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सभा घ्यावी लागते. १० जुलै २०२० ला राज्यपालांनी वटहुकूम काढला आणि त्या वर्षापुरती मुदत ३१ मार्च २०२१ पर्यंत वाढली. लेखापरीक्षणाची मुदतही वाढली. तुमची सभा त्या मुदतीत झाली आहे. राजपत्राची प्रत उपनिबंधक कार्यालयातून घ्या, इतिवृत्ताच्या वहीत डकवा आणि पुढच्या सभेत वाचून दाखवा.

तुमच्या पत्राच्या निमित्ताने सगळ्यांसाठी थोडं मांडते, कारण हा घोळ घराघरांत आहे.

विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर होतं, राज्यपालांची संमती मिळते, राजपत्रात छापलं जातं आणि त्याचा अधिनियम होतो. हाच खरा कायदा. अधिवेशन चालू नसेल आणि तातडी असेल तर घटनेच्या २१३ व्या कलमाखाली राज्यपाल वटहुकूम काढतात. त्याचा जोर कायद्याइतकाच, पण आयुष्य उसनं. अधिवेशन भरलं की तो सभागृहापुढे ठेवावा लागतो आणि विधेयक मंजूर झालं नाही तर सहा आठवड्यांत संपतो. अधिसूचना म्हणजे आधीच्या कायद्याने दिलेला अधिकार सरकारने वापरणं. २०२० मध्ये १ सप्टेंबरपासून मुंबईत घराचं मुद्रांक शुल्क पाचाचं दोन टक्के झालं आणि जानेवारी ते मार्च २०२१ मध्ये तीन टक्के राहिलं. त्यासाठी विधेयक लागलं नाही, मुद्रांक अधिनियमाच्या ९ व्या कलमाखालची अधिसूचना पुरली. आणि शासन निर्णय, ज्याला सगळे जीआर म्हणतात, तो सरकारचा प्रशासकीय आदेश. सरकारी यंत्रणेला तो बांधतो. खाजगी माणसाला किंवा संस्थेला बांधायला त्याच्या पाठीशी एखादा कायदा उभा असावा लागतो. परिपत्रक त्याच्याही खाली.

कोणी "सरकारचा नियम आहे" म्हणून काही सांगितलं की यातलं कोणतं, एवढं विचारायचं. उत्तर न देता आवाज चढवणारी माणसं भेटतात. तरी विचारायचं.

जुलै २०२० मध्ये वडील अकरा दिवस खाजगी रुग्णालयात होते. ते घरी आले, हे आमचं भाग्य. बिल भरायला आईच्या पाटल्या मोडल्या. दर ठरवून दिले होते, असं नंतर कळलं. आता काही होईल का?
– एक मुलगी, घाटकोपर

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. बिलाच्या प्रती सोबत जोडल्यात, त्यासाठी आभार. रुग्णालयाचं नाव इथे छापत नाही, चौकशीचा अर्ज चालू राहील.

कागद असा: २१ मे २०२० ची राज्य सरकारची अधिसूचना. साथरोग कायदा, आपत्ती व्यवस्थापन कायदा, अत्यावश्यक सेवांचा कायदा आणि नर्सिंग होम नोंदणीचा कायदा, अशा अनेक कायद्यांचा आधार एकत्र घेऊन ती काढली होती. खाजगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांवर सरकारी दर. साध्या विलगीकरण कक्षात दिवसाला ४,००० रुपये, व्हेंटिलेटरशिवाय अतिदक्षता विभागात ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,०००. यात खाट, जेवण, नर्सिंग, डॉक्टरांची तपासणी, रक्त-लघवीच्या नेहमीच्या चाचण्या, एक्स-रे, ईसीजी सगळं धरलेलं आहे. पीपीई, करोनाची चाचणी, सीटी स्कॅन, एमआरआय आणि काही महागडी औषधं बाहेर ठेवली होती.

आता तुमचं बिल. मी टेबलावर पसरलं आणि शाळेतल्यासारखं लाल पेन घेऊन बसले. वडील आठ दिवस साध्या कक्षात होते, तीन दिवस अतिदक्षता विभागात, व्हेंटिलेटर नाही. सरकारी दराने खाटांचे ३२,००० अधिक २२,५००, म्हणजे ५४,५०० रुपये होतात. तुमच्याकडून खाटांचं भाडं वेगळं, "नर्सिंग शुल्क" वेगळं, डॉक्टरांची दिवसाला दोन वेळची भेट वेगळी आणि ईसीजी वेगळा घेतला आहे. दर खाटेचा असताना त्याच्या पोटातल्या गोष्टी पुन्हा बाहेर काढून लावल्या आहेत. पीपीईचे नग तर अकरा दिवसांत एकशे दहा दाखवलेत. त्या कक्षात त्या दिवशी वडील एकटेच रुग्ण होते का? एक परिचारिका एक पोशाख घालून दहा खाटा बघत असेल, तर त्याची किंमत दहा जणांत वाटली गेली पाहिजे.

एक अडचण आहे, ती लपवत नाही. उरलेल्या २० टक्के खाटांवर रुग्णालय स्वतःचे दर लावू शकत होतं. त्यामुळे ते म्हणतील, तुमची खाट त्या वीस टक्क्यांतली. तुम्ही लेखी विचारा: दाखल करताना खाट कोणत्या हिश्श्यातली हे सांगितलं होतं का, संमती कुठे घेतली, सही कोणाची? तुमच्या कागदांत तशी सही मला दिसली नाही. मुंबईत मोठ्या खाजगी रुग्णालयांत बिलं तपासायला महापालिकेने लेखापरीक्षक नेमले होते. अर्ज महापालिकेकडे करा, सोबत मूळ बिल, डिस्चार्ज कार्ड, पैसे भरल्याच्या पावत्या. मी माझं पत्र जोडते.

ही अधिसूचना निघाली तेव्हा सभागृह बंद होतं. त्यावर चर्चा झाली असती तर वीस टक्क्यांची ही फट मी आणि माझ्यासारख्या कित्येकांनी त्याच दिवशी दाखवली असती. एवढी मोठी गोष्ट एका सहीने ठरावी लागली, कारण माणसं रस्त्यावर खाट शोधत होती. ते मला मान्य आहे. पण सप्टेंबरमध्ये तरी तिच्यावर दोन तास द्यायला हवे होते. आईच्या पाटल्यांची ओळ वाचल्यावर तर हे जास्तच टोचतं.

शाळेच्या फीमध्ये १५ टक्के सूट जाहीर झाली. शाळा म्हणते, आम्हाला लागू नाही. मुलीला ऑनलाइन वर्गातून काढतील का?
– पालक, मुलुंड

१२ ऑगस्ट २०२१ चा शासन निर्णय आहे, २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापुरता. त्यात स्पष्ट आहे की फी भरली नाही म्हणून मुलाला शाळेत किंवा ऑनलाइन वर्गात बसू न देणं किंवा निकाल अडवणं चालणार नाही. पूर्ण फी आधीच भरली असेल तर जास्तीची पुढे वळती करायची किंवा परत द्यायची. शाळेने मुलीला काढलं तर त्याच दिवशी शिक्षण निरीक्षकांकडे लेखी तक्रार द्या. फोन नको, कागद द्या.

पण तुम्हाला खोटी आशा लावायची नाही. ८ मे २०२० चा फीवाढ रोखणारा शासन निर्णय आठवतो? उच्च न्यायालयाने जूनमध्ये त्याला स्थगिती दिली. आपल्याकडे फी नियमनाचा २०११ चा अधिनियम आहे आणि त्यात फी ठरवायची रीत दिली आहे. त्याला वळसा घालून निघालेला शासन निर्णय न्यायालयात अडकतो, हे आपण एकदा पाहिलं. राजस्थानच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३ मे २०२१ रोजी १५ टक्के कपातीचं सूत्र दिलं, त्याचा आधार आता आहे. तरीही वटहुकूम काढावा आणि पुढच्या अधिवेशनात अधिनियमातच दुरुस्ती करावी, असं मी सरकारला लिहिलं आहे. शाळांची बाजूही मी ऐकते, मी स्वतः शिक्षिका होते. छोट्या शाळांतल्या शिक्षकांचे पगार फीवरच चालतात, आणि गेल्या वर्षी अर्ध्या पगारावर शिकवणाऱ्या बायका माझ्याकडे रडल्या आहेत. म्हणूनच हे नीट चर्चा करून कायद्याने व्हायला हवं.

लोकल विधानसभा का सुरू करत नाही?
– विद्यार्थी, डोंबिवली

रेल्वे केंद्राची. साथीत प्रवासाला परवानगी कोणाला द्यायची, हे राज्याच्या आदेशाने ठरतं आणि रेल्वे त्याप्रमाणे गाड्यांत घेते. १५ ऑगस्ट २०२१ पासून लशीच्या दोन्ही मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांना पास मिळू लागला. तुझ्या वयाच्या मुलांची दुसरी मात्रा अजून व्हायची आहे, हे ठाऊक आहे. परीक्षेच्या दिवसांपुरती सवलत मागितली आहे.

चार घरी धुणंभांडी करते. एप्रिलमध्ये घरकामवालीला १५०० रुपये देणार म्हणाले. शेजारणीला आले, मला नाही. मुलगी लिहून देते आहे.
– वडाळा

ताई, घोषणा १३ एप्रिल २०२१ ची, संचारबंदीच्या वेळची, ५,४७६ कोटींची. त्यात घरेलू कामगार, बांधकाम कामगार, परवानाधारक रिक्षावाले आणि नोंदणीकृत फेरीवाले यांना दीड-दीड हजार होते. "नोंदणीकृत" हा शब्द तुमच्या आड आला. २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा अधिनियम आहे, त्याखाली १८ ते ६० वयाच्या बायकांची नोंदणी होते. शेजारणीची झाली होती, तुमची नाही.

नोंदणी कामगार आयुक्त कार्यालयात होते. वांद्रे-कुर्ला संकुलात कामगार भवन आहे, तिथे. आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, फोटो आणि ज्या घरी काम करता तिथल्या मालकिणीचं पत्र लागतं. हे पत्रच मिळत नाही, हे मला माहीत आहे. गेल्या महिन्यात माझ्या कार्यालयात आलेल्या एका बाईंनी हाताची बोटं दाखवली. साबणाने सालं निघालेली, अंगठ्याचा ठसा यंत्राला वाचता येईना. बावीस वर्षं एकाच घरी काम, आणि मालकीण म्हणते सही कशाला, उगाच भानगड. त्या घरी मी स्वतः फोन केला. पत्र मिळालं. हे वाचणाऱ्या, घरी बाई येत असलेल्या प्रत्येक कुटुंबाला माझी हात जोडून विनंती आहे: दोन ओळींचं पत्र द्या. त्यात तुमच्यावर कसलाही बोजा येत नाही.

कामावरून बोलावणं बंद झालं त्या महिन्यांचा पगार मिळावा, असं मात्र त्या अधिनियमात कुठेही नाही. ती दुरुस्ती मी अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने आणलेलं विधेयक, म्हणून मांडायला तयार ठेवली आहे. अशासकीय कामकाजाला शुक्रवार लागतो आणि जुलैचं अधिवेशन सोमवार-मंगळवारात संपलं. मसुदा कपाटात आहे.

शक्ती विधेयकाचं काय झालं? डिसेंबरमध्ये एवढी चर्चा होती.
– विधी शाखेची विद्यार्थिनी, चर्चगेट

स्त्रिया आणि मुलांवरच्या अत्याचारांसाठी कडक शिक्षा सुचवणारं हे विधेयक १४ डिसेंबर २०२० ला मांडलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही सभागृहांच्या एकवीस सदस्यांच्या संयुक्त समितीकडे गेलं. हे लिहिते आहे तेव्हा, ऑगस्ट २०२१ मध्ये, ते समितीतच आहे. उशीर झाला म्हणून तू नाराज दिसतेस. माझं मत थोडं वेगळं आहे. पंधरा दिवसांत तपास आणि तीस दिवसांत खटला, असं मसुद्यात आहे. कालिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेवर कामाचा किती भार आहे, हे पाहिलं की पंधरा दिवस नुसते कागदावर राहतील, असं वाटतं. घाईत केलेल्या तपासाचा फायदा आरोपीलाच होतो. स्त्रियांच्या संघटनांनी हेच लेखी कळवलं आहे. दीड वर्षातल्या सगळ्या घाईगर्दीत निदान एक विधेयक समितीत बसून, माणसांचं ऐकून होतं आहे, याचं मला समाधान आहे. समितीला तूही लिही, विधानभवनाच्या पत्त्यावर. आणि हेही ध्यानात ठेव की दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं तरी केंद्राच्या फौजदारी कायद्यात बदल असल्याने त्याला राष्ट्रपतींची संमती लागेल.

जुलै २०२१ मध्ये शेतीविषयक तीन विधेयकं मांडून दोन महिने लोकांच्या सूचनांसाठी खुली ठेवली होती. मुंबईकर म्हणून दुर्लक्ष करू नका, भाजी आपणही खातो. मुदत सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत होती.

आमदारांचा पगार कापला का?
– अनेक पत्रं

हो. एप्रिल २०२० पासून वर्षभर ३० टक्के.

माझा मुलगा तीन वर्षांपूर्वी गेला. सून एप्रिलमध्ये करोनाने गेली. नातू नऊ वर्षांचा, नात सहाची. पाच लाख मिळतात म्हणतात. दाखल्यावर करोना लिहिलेला नाही. मी चौथ्या मजल्यावर राहते, जिना उतरवत नाही.
– आजी, वरळी

आजी, तुमची नातवंडं योजनेत बसतात. आई करोनाने आणि वडील आधी दुसऱ्या कारणाने गेले असले तरी बसतात. राज्य सरकारचा निर्णय जून २०२१ चा आहे: प्रत्येक मुलाच्या नावे ५ लाखांची मुदत ठेव, एकवीस वर्षांचं झाल्यावर व्याजासह. दोघांचे दोन वेगळे अर्ज. केंद्राची पीएम केअर्सची योजना वेगळी, तीत तेविसाव्या वर्षी १० लाख आहेत, तिचाही अर्ज करायचा. एक मिळाली म्हणून दुसरी सोडायची नाही.

दाखल्यावर कारण नाही म्हणून घाबरू नका. मृत्यूच्या दाखल्याची पद्धत सोपी करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ ला दिला आहे. सुनेचा पॉझिटिव्ह अहवाल आणि रुग्णालयाचा कागद असेल तर तो पुरावा आहे. अहवाल तिच्या मोबाइलवर आला असेल. तो मोबाइल कोणाला देऊ नका आणि त्यातलं काही पुसू नका. अर्ज शहर जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात जातो, जिल्हाधिकाऱ्यांच्या कृती दलापुढे निर्णय होतो. ठेवीचे पैसे काढून देतो म्हणणारा कोणी दारात आला तर कागद देऊ नका, आधार कार्डाची प्रतसुद्धा नको.

मुलांचे जन्मदाखले, मुलाचा आणि सुनेचा मृत्यूदाखला, रेशनकार्ड, शाळेची पावती, एवढं एका पिशवीत काढून ठेवा. तुम्ही जिना उतरू नका. येत्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता मी अर्ज घेऊन वर येते, सोबत कार्यालयातली एक मुलगी असेल, ती फोटो काढेल. नातवाला तेवढं घरी थांबवा, त्याची सही लागणार नाही, पण नाव नीट कसं लिहायचं ते त्यालाच विचारायचं आहे. शाळेच्या पावतीवर आणि रेशनकार्डावर स्पेलिंग वेगळं आहे.